चारोळीचं यंत्र आणि टोळंबीचं तेल

बाळांनो, जरा डोळे मिटा बरं. मिटले? एक डोळा किलकिला ठेवून बघणारे दोघं-तिघं असतातच, त्यांनीही मिटा. आता समजा, तुमच्यासमोर श्रीखंडाची वाटी आहे. लगेच बोट घालू नका. वर एक चारोळी चिकटलेली आहे, तेवढीच उचला आणि तळहातावर ठेवा. मसुरीपेक्षा थोडी मोठी, चपटी, मऊ. आता समजा, ही चारोळी अजून तिच्या घरातच आहे. घर म्हणजे वाटाण्याएवढं गोल, लाकडासारखं टणक कवच. त्याला दार नाही, खिडकी नाही. तुम्हाला आतली चारोळी अख्खी बाहेर काढायची आहे. दगडानं हळू मारलंत तर बी टुणकन उडून अंगणाच्या पलीकडे. जोरात मारलंत तर कवचाबरोबर चारोळीचाही चुरा. आणि मध्ये बोट आलं तर... असू दे, ते नको समजायला.

आता अशा बियांचा तुमच्या गुडघ्याएवढा ढीग समजा. आणि उघडा डोळे.

हा ढीग रुखमाबाईंच्या अंगणातला आहे. एटापल्लीहून नाला ओलांडून जंगलात शिरलं की त्यांचं गाव लागायचं. उन्हाळ्यात चारोळीच्या झाडाची काळी-जांभळी फळं, म्हणजे चारं, पिकली की गावातल्या बाया ती गोळा करायच्या, भिजवून गर काढायच्या, बिया वाळवायच्या आणि मग दिवसच्या दिवस एका दगडावर बी ठेवून दुसऱ्या दगडानं फोडत बसायच्या. चारोळी अख्खी निघाली तरच व्यापारी घ्यायचा. तुटकी निघाली तर पोरांच्या तोंडात. पोरांची त्याला काही हरकत नव्हती.

रुखमाबाईंची मुलगी ललिता मात्र तुटकी चारोळी खाताना आईच्या अंगठ्याकडे बघायची. दर उन्हाळ्यात त्या अंगठ्याचं नख निळं पडायचं, मग काळं व्हायचं, मग गळून पडायचं. हंगाम संपेपर्यंत रुखमाबाईंना मूठ वळता येत नसे. ललिताची वेणी त्या चारच बोटांनी घालायच्या आणि वेणी डावीकडे कलायची. शाळेतल्या पोरी विचारत, "अवं, तुही वेणी कुठी चालली?"

ललिता तेव्हा एटापल्लीच्या शाळेत सातवीत होती. मोबाईल नव्हते त्या वेळची ही गोष्ट. फोन करायचा तर बाजारातल्या बूथवर रांग लावायची. त्या बूथशेजारीच जलालुद्दीनचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि चाचांची मुलगी अमरीन ललिताच्या बाकावर बसायची. ललिता बोलायची कमी आणि बघायची जास्त. अमरीन दोघींचं मिळून बोलायची.

एका उन्हाळ्यात अमरीन ललिताच्या गावी चारं खायला आली. खाऊन झालं, आणि ती रुखमाबाईंच्या फोडायच्या दगडावरच उभी राहून काहीतरी सांगू लागली. अमरीनला बोलताना स्वस्थ उभं राहता येत नसे. टाच रोवून ती या बाजूला वळायची, त्या बाजूला वळायची. तिच्या चपलेखालून बारीकसा आवाज आला. टक्.

"पाय उचल," ललिता म्हणाली.

"अवं पन माझं ऐकून तं घे, मंग तो कंडक्टर म्हणाला..."

"पाय उचल नं!"

अमरीननं पाय उचलला. चपलेखाली एक बी होती. कवचाच्या दोन वाट्या झाल्या होत्या आणि मध्ये चारोळी अख्खीच्या अख्खी.

ललितानं दुसरी बी ठेवली. "आता वळ."

"कुठी?"

"जशी वळत होती तशी. बोलत राहा."

अमरीनला तेवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत कंडक्टरची गोष्ट तीनदा सांगून झाली आणि ललिताच्या ओंजळीत अख्ख्या चारोळ्या जमल्या. सगळ्या बिया अशा फुटल्या नाहीत, पण दगडानं कधी इतक्या अख्ख्या निघाल्या नव्हत्या. ललिता चपलेचा रबरी तळ दाबून बघत राहिली. दगड मारतो. रबर दाबतं आणि दाबता दाबता फिरवतं. एवढाच फरक होता.

अमरीन एका चपलेनं घरी गेली. जलालुद्दीनचाचांनी चष्म्यावरून बघितलं.

"दुसरी चप्पल कुठी गेली, बेटी?"

"अब्बा, सायन्समध्ये गेली."

दुसऱ्या दिवशी ललिता दुकानात आली. चपलेचा तळ चिकटवलेला लाकडाचा तुकडा तिनं पुढं केला आणि अमरीनच्या मदतीनं सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग एक जुना टायर, मोडक्या सायकलचं पायडल आणि एक करवत तिच्यासमोर ठेवली.

"तुम्ही बनवून द्या नं, चाचा," ललिता म्हणाली.

"मले बनवता आलं असतं तं तुह्या डोक्यात कायले आलं असतं? हत्यार माझं, हात तुझे. बोट कापलं तं हळद हाय डब्यात."

मग पावसाळाभर शाळा सुटल्यावर दुकानाच्या मागच्या पडवीत ललिता लाकूड कापत बसली. एक जाड गोल लाकूड, त्याच्या आरपार लोखंडी गजाचा आस, आसाच्या टोकाला पायडलचा दांडा. लाकडाभोवती टायर गुंडाळलेला. समोर एक खरबरीत फळी. वरून बिया सोडायच्या आणि दांडा फिरवायचा. बिया फळी आणि टायरच्या मधून चिरडत, वळत खाली सुपात पडायच्या.

निदान पडायला हव्या होत्या. पहिल्या दिवशी टायरच्या खाचांनी बियाच गिळल्या. ललितानं टायर उलटा करून आतली गुळगुळीत बाजू वर घेतली. मग फळी इतकी जवळ झाली की सगळ्याचा चुरा. तिनं फळीमागं बांबूची पाचर ठोकली, ती आत-बाहेर केली की फट कमी-जास्त व्हायची. तरी एक खोड राहिलीच. टायरची दोन टोकं जिथं जुळत, तिथं उंचवटा होता. दर फेऱ्याला तिथं खट् आवाज यायचा आणि एखादी चारोळी तुटायची. आणि आस लाकडात असा कुरकुरायचा की शेजारचा बूथवाला ओरडायचा, "अरे, फोनवर काही ऐकू येऊन नाई राह्यलं!"

दिवाळीनंतर एक दिवस लालसू सर वर्गात आले. ते विज्ञान शिकवायचे, ललिताच्याच बाजूच्या एका गावचे. त्यांनी सांगितलं, "चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला छोट्या संशोधकांचा मेळावा आहे. आपल्या आणि चंद्रपूरच्या, दोन्ही जिल्ह्यांतली मुलं येणार. स्वतःच्या डोक्यातून निघालेली वस्तू पाहिजे. पुस्तकातली चालणार नाही."

"बक्षीस काय हाय, सर?" अमरीननं विचारलं.

"ढाली आहेत, कंपासपेट्या आहेत. पण पहिलं बक्षीस वेगळं आहे. ज्याची वस्तू पहिली येईल, त्याची ती वस्तू तिथल्या वर्कशॉपमध्ये पक्की बनवून देणार. चारं पिकायच्या आत."

शेवटचं वाक्य सरांनी ललिताकडे बघून स्वतःच जोडलं होतं.

ललितानं मनात घोळवलं. पक्कं यंत्र, तेही चारं पिकायच्या आत. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आईचा अंगठा दगडाखाली जाणार नाही. ढालीशी तिला काही देणं-घेणं नव्हतं.

गावाला कळलं आणि गाव कामाला लागलं. हंगाम कधीच संपला होता, पण घराघरांतून कोणी डब्यातून, कोणी आढ्याला टांगलेल्या गाडग्यातून जपून ठेवलेल्या बिया काढून ओंजळ-ओंजळ आणून दिल्या. यंत्र आदल्या दिवशी गावात आलं, त्याच्याबरोबर अमरीनही. निघायच्या दिवशी पहाटे ललिता नाल्यावर अंघोळीला गेली, आणि इकडे अंगणात बाया जमल्या.

त्या गावाची एक रीत होती. नवी वस्तू पहिल्यांदा गावाबाहेर निघाली की तिला तेल-हळद लावायची. नवा नांगर असो, नवं मासे धरायचं जाळं असो, नाहीतर लग्न होऊन निघालेली पोरगी असो. तेल टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. दाट, पिवळसर आणि वासाला असं, की एकदा हाताला लागलं की दिवसभर सोबत करतं. रुखमाबाईंनी पहिलं बोट लावलं, मग साऱ्या बायांनी. आणि यंत्र सगळ्यांचं लाडकं, म्हणून कोणी हात आखडला नाही.

ललिता परत आली तेव्हा उन्हात यंत्र चकाकत होतं.

"दुल्हन दिसून राह्यली!" अमरीन टाळी वाजवून म्हणाली. रुखमाबाई हसल्या. ललितानंही हसून यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं.

एस.टी.त कंडक्टरनं गाठोड्याकडे बोट केलं. "हे काय आहे? सिलिंडर असंल तर खाली उतरा."

"नवरी आहे, काका," अमरीन म्हणाली.

"मग तिकीट लागंल."

"लहान आहे. हाफ द्या."

लालसू सर खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. आलापल्ली, आष्टी, गोंडपिंपरी करत गाडी चंद्रपूरला पोचली आणि तिथून ते ऊर्जानगरला आले. विजेच्या कारखान्याची ती वसाहत. सरळ रस्ते, एकसारखी घरं आणि मागं आकाशात चढलेली उंच धुराडी. मुलींनी मान इतकी मागं टाकली की अमरीन मागच्या माणसावर आदळली.

सभागृहाच्या दारात एक जाड, काळं पायपुसणं टाकलेलं होतं. ललितानं चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि ती थांबली. रबर होतं. टायरपेक्षा जाड, सपाट, कुठं खाच नाही, उंचवटा नाही. तिनं टाच रोवून जरा वळून बघितलं.

"आता तू वळून राह्यली का? चल नं आत," अमरीननं तिला ओढलं.

आत टेबलांच्या रांगा होत्या. कोणी पवनचक्की आणली होती, कोणी चोर आला की वाजणारी घंटा. एका मुलाच्या ज्वालामुखीतून ठरल्या वेळेआधीच लाल फेस आला होता आणि तो बिचारा स्वतःच्या रुमालानं टेबल पुसत होता. ललितानं चादर सोडली, यंत्र मांडलं, खाली सूप ठेवलं.

परीक्षक होते बोरकुटे साहेब, वर्कशॉपचे मोठे इंजिनियर. चष्मा नाकावर ठेवण्याऐवजी कपाळावर ठेवायचे आणि प्रत्येक टेबलापाशी एकच प्रश्न विचारायचे, "कुठं बिघडतं?"

"नाही बिघडत, सर!" मुलं ऐटीत सांगत. साहेब "असं?" म्हणून पुढं जात.

ते ललिताच्या टेबलाशी आले. अमरीननं पाठ केलेलं भाषण धडाधड म्हणून टाकलं. ललितानं ओंजळभर बिया वरून सोडल्या आणि दांडा फिरवला.

बिया फळी आणि टायरच्या मधून घसरगुंडीवरून उतराव्यात तशा सरसर खाली आल्या. अख्ख्या. एकाही कवचाला चरा नाही.

ललितानं पुन्हा बिया टाकल्या. पुन्हा सरसर. सुपात बिया नाचू लागल्या. बाजूच्या टेबलावरचा घंटावाला मुलगा म्हणाला, "वा! वरून टाकलेलं खालून निघते! हे तं आमच्या घरी नळ पन करते."

आजूबाजूची मुलं खदखदली. अमरीनचे कान लाल झाले. "तुही घंटा तं बंद कर आधी, चोर पळून गेला कवाचा!"

बोरकुटे साहेब हसले नाहीत. त्यांनी सुपातली एक बी उचलून बघितली, ललिताकडे बघितलं आणि म्हणाले, "बाकीची टेबलं बघून येतो. शेवटी इथंच येईन."

ते पुढं गेले आणि ललिता सुपातल्या अख्ख्या बियांकडे बघत राहिली. तिला गावातली गाडगी आठवली, आढ्याला टांगलेली. कोणी ओंजळ दिली, कोणी दोन. आणि आईचा अंगठा.

"आता काय करायचं व?" अमरीन रडकुंडीला आली. "काल तं चांगली चालत होती!"

काल चालत होती. ललितानं तेवढंच धरून ठेवलं. काल चालत होती, आज चालत नाही. मग काल आणि आज यांच्यामध्ये काय झालं? पाचर तीच. फळी तीच. तिनं टायरवर बोट फिरवलं. बोट सुळकन घसरलं. तिनं बोट नाकाशी नेलं.

टोळंबी.

"अमरीन," ती हळूच म्हणाली, "मायनं नवरीले आंघोळ घातली."

इतक्या संकटातही अमरीनला हसू फुटलं. सगळ्या गावानं प्रेमानं चोपडलेलं तेल! टायरला, फळीला, पाचरीला, जिथं हात पोचेल तिथं. बी पकडणार कशी? लाडानं घसरत होती.

लालसू सर धावत आले. "साबण आणू का?"

ललितानं मान हलवली. ओलं रबर तर आणखी घसरेल. घरी तेलकट भांडं ती कशानं घासायची? ती धावत सुटली. दाराबाहेर एक चहावाल्या मावशी कोळशाच्या शेगडीवर चहा उकळत होत्या. शेगडीखाली थंड झालेल्या राखेचा ढीग होता.

"मावशी, राख घेऊ?"

"घे बाई. चहा नाई पायजे का कोनाले? पयलं गिऱ्हाईक पाह्यलं राख मागनारं!"

ललितानं फ्रॉकच्या ओच्यात राख भरून आणली. अमरीननं मावशींकडून नारळाची शेंडी आणली. आणि त्या चकचकीत सभागृहात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, दोघी भांडी घासावीत तशा यंत्र घासू लागल्या. राख तेल पीत गेली, काळी होत गेली. ती झटकायची, नवी लावायची. टायर घासला, फळी घासली. टेबलक्लॉथचं काय झालं ते विचारू नका. ज्वालामुखीवाल्या मुलानं आपला रुमाल पुढं केला. तो आधीच लाल होता, आता राखाडी झाला.

बोरकुटे साहेब परत आले तेव्हा दोघींच्या नाकावरही राख होती.

ललितानं बिया टाकल्या. दांडा फिरवला. आस कुरकुरला आणि मग आवाज आला, टक्. टक् टक्. टक् टक् टक् टक्. सुपात कवचांच्या वाट्या पडू लागल्या आणि त्यांच्यामध्ये अख्ख्या चारोळ्या. घंटावाला पुढं वाकून बघू लागला. मध्येच खट् झालं आणि एक चारोळी तुटली.

"हं," साहेब म्हणाले. "आता सांग. कुठं बिघडतं?"

अमरीननं तोंड उघडलं, पण या वेळी ललिता आधी बोलली. या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ करावं लागलं नव्हतं.

"टायरच्या सांध्यावर बिघडते. तिथी चारोळी तुटते. बी ओली असली तरी बिघडते. मोठ्या आन् लहान बिया एकत्र टाकल्या तं लहान तशीच निघून जाते, आधी चाळून घ्या लागते. आस कुरकुरते आन् दांडा जड जाते." तिनं नाकावरची राख पुसली. "आन् तेल लावलं तरी बिघडते."

"तेल कोणी लावलं?"

"साऱ्या गावानं."

"काऊन?" साहेबही विसरून गावच्या बोलीत आले.

"आवडली म्हणून."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा काढला, पुसला आणि बहुधा पहिल्यांदाच नाकावर ठेवला. सुपातली एक चारोळी तोंडात टाकून ते निघून गेले.

संध्याकाळी निकाल लागला. ढाली वाटून झाल्या, कंपासपेट्या झाल्या. घंटावाल्याला एक मिळाली. ज्वालामुखीवाल्याला मिळाली नाही, पण आपला रुमाल कामी आला हे तो सगळ्यांना सांगत होता. मग साहेबांनी माईक हातात घेतला. "पहिलं बक्षीस, एटापल्लीची ललिता आणि..." ते थांबले. "दुसऱ्या मुलीचं यात काय आहे?"

"चप्पल तिची हाय," ललिता खालूनच म्हणाली.

दोघी मंचावर गेल्या. साहेब म्हणाले, "आता हे यंत्र आपण पक्कं बनवू. अख्खं स्टीलचं. वर मोटर बसवू."

टाळ्या पडल्या. ललिता मान हलवत होती.

"काय झालं, बेटा?"

"गावात लाईट नाई. मोटर नको. स्टीलचं बी नको, जड होईल. चाचाच्या कॅरियरवर बसली पायजे. लाकूडच बरं, सागाचं."

"बरं. अजून?"

ललितानं पायाच्या अंगठ्यानं मंच उकरला. "मागू?"

"माग की."

"ते दारातलं पायपुसणं पायजे."

सभागृहात असा हशा पिकला की बाहेरच्या चहावाल्या मावशी आत डोकावल्या. लालसू सरांनी कपाळाला हात लावला. साहेबांना मात्र क्षणभरात उमगलं. ते हसले, पण वेगळंच.

"पायपुसणं नाही ते. आमच्याकडं कोळसा ज्या लांब पट्ट्यावरून वाहून नेतात ना, त्याचा झिजलेला तुकडा आहे. टायरच्या जागी लावायचा आहे, हो ना?"

ललितानं जोरात मान डोलावली.

"अरे, कोणी आणा रे ते दारातलं!"

दारात एक पाहुणे त्यावर पाय पुसतच होते. अमरीन मंचावरून उडी मारून त्यांच्यापर्यंत पोचलीसुद्धा. "काका, जरा बाजूला व्हा. आमचं बक्षीस हाय."

दुसऱ्या दिवशी दोघी वर्कशॉपात गेल्या. साहेबांनी ललिताला पट्ट्यावर रेघ ओढायला सांगितली. तिनं टोकं तिरपी कापायची रेघ ओढली, म्हणजे अख्खा सांधा एकदम बियांवर येणार नाही. साहेबांनी खडू तिच्याच हातात राहू दिला. निघताना ते म्हणाले, "सांध्याचं आम्ही बघतो. बियांसाठी चाळणी देतो. पण कुरकुर मी ठेवणार आहे. ती तू घालव."

"कशी?"

"मला विचारू नको. यंत्र तुझं, डोकंही तुझंच," साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आणि "अगदी अब्बावानी!" म्हणत अमरीन खो-खो हसली.

मोह गळून संपला, जंगलात चारं लाल होऊ लागली, आणि एक दिवस जलालुद्दीनचाचा सायकल ढकलत नाल्यातून वर आले. कॅरियरवर यंत्र होतं. सागाची चौकट, काळ्या पट्ट्याचा गुळगुळीत रूळ, बाजूला नवीन चाळणी. मागं अमरीन, नव्या चपला घालून.

चाचांनी यंत्र अंगणात उतरवलं. ललितानं दांडा फिरवून बघितला. कुर्र... कुर्र... दांडा जड होता, पण चालत होता. तिनं मान वर केली आणि दांडा सोडून दिला.

साऱ्या गावाच्या बाया येत होत्या. हळद घेऊन, वाट्या घेऊन. सगळ्यांत पुढं रुखमाबाई, हातात टोळंबीच्या तेलानं काठोकाठ भरलेली वाटी.

"रुको!" अमरीन दोन्ही हात पसरून यंत्रासमोर उभी राहिली. "कोनी हात नका लावू! तेल लावलं का हे..."

ती गप्प झाली, कारण ललितानं तिच्याकडे बघितलं होतं. ऊर्जानगरला काय झालं, ते ललितानं आईला सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? आईनं तर आशीर्वाद दिला होता.

पण बाया थबकल्या होत्या. एकमेकींकडे बघत होत्या. रुखमाबाईंचा तेलात बुडवलेला अंगठा यंत्राच्या अगदी वर हवेतच राहिला. मागच्या वर्षी गळून पडलेल्या काळ्या नखाच्या जागी आत्ता कुठं नवं नख येत होतं.

"काऊन?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "चुकलं का काही?"

बाळांनो, तुम्ही काय केलं असतं? नाही म्हटलं तर आईचं मन मोडतं. हो म्हटलं तर यंत्र घसरतं, आणि यंदाही पुन्हा दगड. घाई नका करू, ललितालाही थोडा वेळ लागला. ती आईच्या अंगठ्यावरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघत होती. थेंब लोंबला, सुटला आणि चौकटीवर, आस जिथं सागाच्या ठोकळ्यात शिरतो तिथं पडला. ललितानं नकळत दांडा हलवला. कुर्र झालं, पण अर्धंच.

"चुकलं नाई, माये," ती म्हणाली. "थांब जरा."

तिनं चाचांच्या पिशवीतून सायकलचा एक जुना स्पोक घेतला आणि चुलीत निखाऱ्यांवर धरला. तो लालबुंद झाल्यावर सांडशीत धरून तिनं त्या ठोकळ्यावर, आसाच्या बरोब्बर वर, रोवला. चर्र करून धूर निघाला. सागाचा वास पसरला. स्पोक पुन्हा चुलीत, पुन्हा ठोकळ्यात, असं करत करत एक बारीक भोक पार आसापर्यंत गेलं.

"हे मशीनचं तोंड," ललिता म्हणाली. "हळद कुठी बी लावा. तेल मात्र इथी पाजा. अंगाले लावलं तं ती लाजते, कामच करत नाई."

बाया हसल्या. रुखमाबाई पुढं झाल्या, वाकल्या आणि त्यांनी अंगठ्यावरून पहिला थेंब त्या भोकात सोडला. मग दुसरा. ललितानं आईचा हात धरून दांड्यावर ठेवला.

रुखमाबाईंनी दांडा फिरवला. कुरकुर कमी झाली होती. त्यांनी पुन्हा फिरवला, जरा जोरानं. अमरीननं मागच्या हंगामातल्या उरलेल्या मूठभर बिया वरून सोडल्या. टक्. टक् टक्. टक् टक् टक्. सुपात अख्ख्या चारोळ्या पडल्या. रुखमाबाईंनी त्यांतली एक उचलली, उन्हात धरून बघितली आणि ललिताच्या तोंडात घातली.

मग रांग लागली. प्रत्येकीला आपल्या हातानं थेंब पाजायचा होता. रांगेच्या शेवटी असलेली एक म्हातारी काठी आपटून कुरकुरली, "इतक्या बाया आन् एकच तोंड! माझी पाळी यावलोक चारं सडून जातीन."

बाया पुन्हा हसल्या. ललिता हसली नाही. ती यंत्राला वळसा घालून पलीकडे गेली आणि कान लावून ऐकू लागली. कुरकुर आता तिकडूनच येत होती. आसाला दुसरंही टोक होतं.

तिनं स्पोक उचलला आणि पुन्हा चुलीत घातला.